नोकरी करता करता प्राथमिक शिक्षक होण्याचं प्रशिक्षण: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

शाळेत नोकरी करतच प्राथमिक शिक्षकाची पात्रता मिळवता येते, हे कळल्यावर बरेच जण विचारतात की हे झेपतं का आणि त्यातून खरंच काही शिकायला मिळतं का. विचारणारे बहुतेक शाळेत मदतनीस किंवा बदली शिक्षक म्हणून काम करणारे असतात. मीही तिथूनच आले. माझा अभ्यासक्रम आता शेवटच्या टप्प्यात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. वर्गात मागे बसून तुमचा तास नियमित पाहणारा आणि नंतर त्यावर तुमच्याशी बोलणारा अनुभवी शिक्षक मिळणार असेल, तर हा मार्ग निःशंक घ्या. तसा कोणी मिळणार नसेल, तर बाकी सगळं कितीही चांगलं दिसलं तरी थांबा आणि दुसरी शाळा शोधा. अभ्यासक्रमाची पुस्तिका, ऑनलाइन व्याख्यानं, स्वाध्यायांचे विषय, या सगळ्यांपेक्षा त्या एका माणसावर तुमचं शिकणं जास्त अवलंबून असतं.

स्वरूप थोडक्यात असं: आठवड्यातले बहुतेक दिवस शाळेत काम आणि एक दिवस अभ्यासवर्ग. वर्गात सुरुवातीला मुलांचा एखादा छोटा गट सांभाळायचा, मग एक तास, मग अर्धा दिवस आणि शेवटी पूर्ण वर्ग. सोबतीला पाठ टाचणं (प्रत्येक तासाची लेखी आखणी), तासांची निरीक्षणं, लेखी स्वाध्याय, एक कृतिसंशोधन (स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहण्याचा छोटा अभ्यास), पात्रतेचे निकष पूर्ण केल्याच्या पुराव्यांची जाडजूड फाइल आणि काही आठवडे दुसऱ्या शाळेत काम.

या मार्गाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे अभ्यासवर्गात ऐकलेलं दुसऱ्याच दिवशी मुलांसमोर करून पाहता येतं. साधं उदाहरण घ्या, प्रश्न विचारून थांबण्याचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७० च्या दशकात त्यावर लिहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात, "माहीत नाही" कमी होतं. वाचताना हे इतकं सोपं वाटतं की त्यावर वेगळं काय शिकायचं, असा प्रश्न पडावा. वर्गात उभं राहिल्यावर कळतं की तिसरा सेकंद किती लांब असतो. पहिल्या बाकावरचे हात वर गेलेले असतात, कोणीतरी "मी सांगू? मी सांगू?" करत असतं आणि शांतता भरून काढण्याची ओढ अनावर होते. मी मनात आकडे मोजायची सवय लावून घेतली. काही आठवड्यांत एक मुलगी बोलायला लागली, जिचा आवाज वर्गात त्याआधी क्वचितच ऐकू येत असे. तिला उत्तरं आधीपासून येत होती. ती वाक्य जुळवेपर्यंत दुसरं कोणीतरी बोलून मोकळं व्हायचं, इतकंच.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेचा संख्येचा प्रयोगही असाच. बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, मुलाने "दोन्हीकडे सारखी" म्हटल्यावर एक ओळ ऐसपैस पसरायची आणि पुन्हा विचारायचं, आता कुठे जास्त? पाच-सहा वर्षांची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. मी पहिलीच्या मुलांबरोबर हे केलं आणि पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं मिळालं. पण अभ्यासवर्गात त्यानंतरचं काम शिकवलं, ते जास्त मोलाचं निघालं. १९७५ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या संशोधकांनी हाच प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला: ओळ मोठ्या माणसाने पसरली नाही, एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने "चुकून" विस्कटली. मग कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. याचं एक स्पष्टीकरण असं की मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा आपलं पहिलं उत्तर चुकलं असावं असं मुलाला वाटतं. हे वाचल्यापासून "नक्की का? पुन्हा सांग" हे शब्द मी बरोबर उत्तरावरही वापरते आणि चुकीच्या उत्तरावरही. नाहीतर माझ्या तोंडून ते ऐकलं की मुलं उत्तर बदलायची, विचार करायची नाहीत.

गणिताचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. आपण गणित "येतं" म्हणून शिकवायला जातो. मुलाच्या डोक्यात ते कसं बसतं, हे वेगळंच शास्त्र आहे. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहा आणि चौकटीत काय येईल ते विचारा. बहुतेक मुलं १२ म्हणतात, काही सगळ्या संख्या मिळवून १७ म्हणतात. ७ म्हणणारं मूल विरळा. बरोबरच्या (=) चिन्हाचा अर्थ त्यांच्यासाठी "आता उत्तर लिहा" असा झालेला असतो, कारण त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक उदाहरणात ते चिन्ह शेवटी असतं आणि त्यानंतर एकच संख्या येते. बेरजा भरपूर करून हा समज जात नाही, उलट पक्का होतो. आम्ही खरा तराजू आणि सारख्या वजनाचे ठोकळे घेतले. ८ आणि ४ एका पारड्यात, ५ दुसऱ्यात, आणि पारडी समपातळीला येईपर्यंत ठोकळे टाकत जायचं. नंतर तेच चित्र काढून आणि शेवटी चिन्हांत. हातात वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरचा क्रम आहे. तो पाठ करायला दोन मिनिटं पुरतात; पण कोणत्या मुलाला अजून ठोकळे हवेत आणि कोण चित्रावर पोचलंय, हे रोज ओळखणं म्हणजे शिकवणं.

संख्यावाचनावर मात्र अभ्यासक्रमाने निराश केलं. मराठीत शिकणाऱ्या मुलाला "त्रेचाळीस" म्हटलं की आधी तीन ऐकू येतो, मग चाळीस. लिहायचा मात्र आधी चार. म्हणून ते ३४ लिहितं, आणि ऐकलेल्या क्रमानेच लिहितं. "एकोणपन्नास"मध्ये तर पन्नास ऐकायचा आणि लिहायची चारने सुरू होणारी संख्या. या मुलांना स्थानिक किंमत कळत नाही असा शिक्का बसतो. त्यांच्या हातात दशकांचे गठ्ठे आणि सुटे दिले की तीच मुलं बिनचूक संख्या मांडतात. गोंधळ नाव आणि लेखन यांच्या सांध्यावर असतो, त्यामुळे उपायही तिथेच करावा लागतो. अभ्यास साहित्यात याबद्दल अवाक्षर नव्हतं. हे मला आमच्या मार्गदर्शक बाईंनी शिकवलं: रोज पाच मिनिटं, बाई संख्या बोलणार, मुलं आधी गठ्ठे दाखवणार, मगच लिहिणार.

वाचनाचंही तेच. अभ्यासक्रमातलं वाचनाचं प्रकरण उघडच रोमन लिपीच्या अनुभवावर बेतलेलं होतं. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची पण उच्चारायची नंतर. "सूर्य" म्हणताना र य च्या आधी येतो, लिहिताना मात्र तो य च्या डोक्यावर बसतो. "कर्म" आणि "क्रम" यांत तीच तीन अक्षरं, आणि सगळा फरक र कुठे लिहिलाय याचा. मूल अडखळतं ते नेमकं इथे. मी माझं कृतिसंशोधन रफार ("कर्म"मधला र) आणि रकार ("क्रम"मधला र) यांवर केलं, कारण वर्गाला त्याची गरज होती. आधी फक्त कानाने ओळखायचे खेळ: "र आधी ऐकू आला की नंतर?" कान तयार झाल्यावर पाटीवर चिन्ह. क्रम असा बदलल्यावर वर्गातल्या वह्यांमध्ये फरक दिसला, आणि तो बाईंनाही दिसला. नोकरी करत शिकणाऱ्यांना माझा आग्रह आहे की स्वाध्यायाचा विषय निवडायची मुभा असेल, तर तो स्वतःच्या वर्गातूनच उचला. वेळ वाचतो हे खरं, पण मुख्य म्हणजे लिहिलेलं वाया जात नाही.

आता बाईंबद्दल, कारण या अनुभवाचा गाभा त्याच आहेत. पहिल्या निरीक्षणाच्या वेळी वाटलं होतं की त्या माझं फलकलेखन, आवाज, टाचण तपासतील. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले होते: वेळ, आणि मुलं काय करत होती. माझं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. "दहा वाजून बारा मिनिटं: खिडकीकडच्या दोघांचं लिहून झालं, वाट पाहताहेत." अशा ओळी. तास संपल्यावर त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "यात तुम्हाला काय दिसतं?" पुढच्या वेळी त्यांनी फक्त एकच गोष्ट टिपली, कोणाला किती वेळा बोलायला मिळालं. वर्गाच्या नकाशावर खुणा होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या माझ्या उजव्या हाताच्या बाजूला होत्या. असं काही स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं शक्यच नसतं. शिकवणारा माणूस त्या वेळी शिकवत असतो.

वुड, ब्रूनर आणि रॉस यांचं १९७६ चं एक काम आम्हाला अभ्यासाला होतं: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करताना शिकवणारी व्यक्ती कधी आधार देते आणि कधी काढून घेते. मुलांबद्दल लिहिलेलं ते सगळं बाई माझ्याशी करत होत्या, हे मला ते वाचताना जाणवलं. सुरुवातीला टाचण आम्ही दोघी मिळून लिहायचो. मग मी लिहायचे, त्या आदल्या दिवशी पाहायच्या. पुढे त्या टाचण मागेनाशा झाल्या आणि फक्त एक प्रश्न विचारायच्या: "उद्या कोण अडखळेल असं वाटतं, आणि कुठे?" या प्रश्नाचं उत्तर देता येणं म्हणजेच तयारी झाली, असं मी आता मानते. टाचणातले बाकीचे रकाने भरायला फार विचार लागत नाही. याला मात्र प्रत्येक मूल ओळखावं लागतं.

मधल्या काळात बाईंवर दुसरी जबाबदारी आली. काही आठवडे निरीक्षणं कागदावरच झाली: तक्ते भरले गेले, सह्या झाल्या, दिनांक पडले. वरून पाहणाऱ्याला काहीच खंड दिसला नसता. माझं शिकवणं त्या काळात बिघडलं नाही. ते होतं तिथेच थांबलं. जे जमत होतं तेच मी पुन्हा पुन्हा करत राहिले आणि अवघड भागाभोवतीच्या पळवाटा मला सवयीच्या झाल्या. बाई परत वर्गात येऊन बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या भागाकाराच्या तासातली अशी एक पळवाट दाखवली: बाकी उरणारं उदाहरण मी नेमकं तास संपता संपता घेत होते, म्हणजे त्यावर चर्चा व्हायला वेळच उरू नये. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की कागदोपत्री मार्गदर्शक आणि वर्गात बसणारा मार्गदर्शक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अभिप्रायाबद्दल एक गोष्ट मी बाईंकडून उचलली आणि मुलांच्या वह्यांवर वापरते. संशोधिका रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मुलांना नुसते गुण दिले, गुण आणि शेरा दोन्ही दिलं, किंवा नुसता शेरा दिला, तर पुढच्या कामात सुधारणा नुसत्या शेऱ्याने होते. शेऱ्याला गुणांची जोड दिली की तो लाभ नाहीसा होतो, कारण मुलं गुण पाहतात आणि वही मिटतात. मी वह्यांवर आता एकच ओळ लिहिते, आणि ती वाचून करायचं काहीतरी असतं: "तिसऱ्या उदाहरणात हातचा कुठे गेला ते शोध." वही परत दिल्यावर पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवते. तेवढा वेळ दिला नाही तर शेरा लिहिण्याला अर्थ नाही.

आता वेळ. हा मार्ग थकवतो. दिवसभर मुलं, मग वह्या, मग उद्याची तयारी, आणि त्यानंतर वाचन व लेखन. अभ्यासासाठी ठरवून दिलेला वेळ कागदावर पुरेसा आहे. पण तो सगळ्यात आधी खाल्ला जातो. कोणी शिक्षक रजेवर गेले की बदलीवर जाणारी पहिली व्यक्ती म्हणजे प्रशिक्षणार्थी, कारण ती शाळेतच असते आणि "रिकामी" दिसते. माझ्या बाबतीत हे इतकं वारंवार होऊ लागलं की मी मुख्याध्यापकांना भेटून राखीव वेळ वेळापत्रकात छापून घेतला, त्या वेळी मी कोणत्या खोलीत असेन तेही त्यात लिहिलं. त्यानंतर परिस्थिती सुधारली. पूर्ण सुटली नाही. शाळेला मनुष्यबळाची निकड असते हे मला समजतं, तरीही ठामपणे म्हणते: हा वेळ गेला तर प्रशिक्षण उरत नाही, फक्त कमी पगारात पूर्ण काम उरतं.

पुराव्यांच्या फाइलचा भार तर अवास्तव आहे. एकाच तासाचा पुरावा वेगवेगळ्या निकषांखाली पुन्हा पुन्हा जोडायला लावतात. मी शेवटी एकेका तासाचा संपूर्ण संच करून, म्हणजे टाचण, बाईंचा कागद, मुलांच्या कामाचे तीन नमुने आणि माझं चिंतन असं एकत्र बांधून, त्याला अनेक निकषांचे क्रमांक देऊ लागले. ते मान्य झालं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या महिन्यापासून असंच करावं.

साहित्यातली एक गोष्ट खटकली, ती लिहिलीच पाहिजे. मुलांची "अध्ययन शैली" ओळखून, म्हणजे कोण पाहून शिकतं, कोण ऐकून, कोण हाताने करून, हे ठरवून त्याप्रमाणे शिकवा, असा एक तक्ता आम्हाला दिला गेला. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात हे अजून यावं याचं मला वाईट वाटतं, कारण याचा फटका मुलांना बसतो. "हा वाचणारा नाही, करणारा आहे" असं एकदा ठरवलं की त्या मुलाच्या हातात पुस्तक कमी वेळा जातं. चित्र, बोलणं आणि कृती सगळ्यांनाच हवी, आणि कुठे काय हवं हे विषयाच्या घटकावरून ठरतं.

विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दलचं प्रशिक्षण अपुरं आहे. काही व्याख्यानं झाली, त्यात व्याख्याच जास्त. वर्गात प्रत्यक्ष काय बदलायचं, हे विशेष शिक्षिकेसोबत बसून जेवढं कळलं तेवढंच.

दुसऱ्या शाळेतले आठवडे मात्र चुकवू नका, कितीही गैरसोय झाली तरी. इंग्लंडमध्ये शिक्षक प्रशिक्षणात किमान दोन शाळांचा अनुभव सक्तीचा आहे आणि त्यामागचं कारण मला तिथे गेल्यावर पटलं. मला मिळालेल्या शाळेत एकाच शिक्षिकेकडे दोन इयत्ता एकत्र होत्या. एका इयत्तेशी बोलताना दुसरी इयत्ता स्वतःचं काम स्वतः तपासत होती, उत्तरांची यादी भिंतीवर लावलेली, आणि अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं असा नेम. माझ्या शाळेत मुलं प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे धावत यायची आणि मी ते मुलांचं वयच तसं म्हणून धरून चालले होते. परत आल्यावर तो नेम मी आमच्या वर्गात लावला. बसायला वेळ लागला, पण बसला.

हा मार्ग कोणासाठी? शाळेत आधीपासून काम करत असाल, मुलांच्या गोंगाटात तुमचा जीव रमत असेल आणि संध्याकाळचा काही वेळ घरचे तुम्हाला देऊ शकत असतील, तर नक्की. वर्गासमोर कधीच उभं राहिलेलं नसेल, तर आधी काही महिने मदतनीस म्हणून काम करा. नोकरी, अभ्यास आणि पहिल्यांदाच वर्ग ही तिन्ही ओझी एकदम पेलणं फार कठीण आहे. ज्यांना विषयाचं सखोल वाचन करायला आवडतं, त्यांना पूर्ण वेळचा अभ्यासक्रम जास्त मानवेल.

प्रवेश घेण्याआधी पात्रता तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे तिथे ग्राह्य धरली जाते का, हे नियामक संस्थेच्या लेखी नियमांतून पाहा, कोणाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मग ज्या शाळेत काम करणार तिथे जाऊन मार्गदर्शक शिक्षकाचं नाव विचारा आणि त्यांचं वेळापत्रक पाहायला मागा. तुमचा वर्ग चालू असताना त्यांचाही वर्ग चालू असेल, तर ते तुमच्या तासाला बसणार कधी, हे विचारा. त्यांनी याआधी कोणाला घडवलं असेल तर त्या व्यक्तीशी बोला, आणि तिच्या तासाचं शेवटचं निरीक्षण कधी झालं होतं व त्यानंतर तिने वर्गात काय बदललं, एवढंच तिला विचारा.